दगडात चपटा झालेला गोनिआटाइट: याचं नाव कसं शोधायचं?

ओलीवाट | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही लीड्सला राहतो. मागच्या रविवारी हेब्डन ब्रिजजवळ एका ओढ्याकाठी चालायला गेलो होतो. पावसाने काठ ढासळला होता आणि खाली काळ्या, पाटीसारख्या दगडाचे तुकडे पडले होते. लेकीने एक उचलला तर तो पापडासारखा दोन पदरांत सुटला आणि आत हे निघालं: गोल चकती, साधारण दोन पेन्सच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, मध्ये छोटा खळगा, वर बारीक रेषा. जाडी म्हणाल तर जवळपास नाहीच, दगडावर शिक्का मारल्यासारखं.

ओळख सांगणाऱ्या एका अ‍ॅपने ‘डॅक्टिलिओसेरास’ सांगितलं. दुसऱ्यांदा फोटो टाकला तर ‘गोगलगाय’. लेकीला शाळेत न्यायचंय, तर याचं खरं नाव काय आणि ते ठरवतात कसं? फोटो जोडलाय.

तिखटजाळ | शनिवार, रात्री ९:२०

मला तर सोड्याच्या बाटलीचं बूच वाटतंय, रोड रोलरखाली आलेलं. ह.घ्या.

चिंचगुळ | शनिवार, रात्री ९:४१

अगं, हा शाळिग्राम आहे! आमच्या देव्हाऱ्यातला फोडला तर आत असंच चक्र दिसतं म्हणे. फोडून पाहिलेला नाही अर्थात, आजी घरातून काढेल.

खडकवासी | शनिवार, रात्री १०:०५

चिंचगुळताई, चुलत-चुलत भावंडं म्हणा हवं तर. शाळिग्राम काळी गंडकीच्या पात्रात मिळतात, ते वरच्या स्पिती शेल नावाच्या खडकातून वाहत येतात आणि ज्युरासिक काळातले आहेत, साधारण १५-१६ कोटी वर्षांपूर्वीचे. हेब्डन ब्रिजच्या आसपासचे खडक कार्बोनिफेरस, म्हणजे त्याच्या दुप्पट जुने. दोन्ही अमोनॉइड, म्हणजे गुंडाळलेल्या, कप्प्यांच्या शंखात राहणारे समुद्री प्राणी (अमोनाइट त्यांच्यातलेच), पण मधल्या काळात पिढ्यांच्या पिढ्या बुडाल्या.

आणि अ‍ॅपचं काय झालं ते उघड आहे. यॉर्कशर म्हटलं की व्हिटबीच्या किनाऱ्यावरचे ज्युरासिक अमोनाइट. डॅक्टिलिओसेरास तिथला सगळ्यात प्रसिद्ध. नकाशा बघितला, दगड बघितला नाही.

चिंचगुळ | शनिवार, रात्री १०:१४

अवांतर: व्हिटबीलाच ना ते दगडी साप? संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी गोष्ट आहे, आणि दुकानदार अमोनाइटला सापाचं तोंड कोरून विकायचे. आपल्याकडे वज्रकीटकाने दगड पोखरून चक्र कोरलं, त्यांच्याकडे संताने सापाची डोकी उडवली. दगड तोच, पुराण ज्याचं त्याचं.

शिंपलेवाला | रविवार, सकाळी ७:३०

उशिरा आलो. नोकरीची वीस वर्षं इंग्लंडातल्या कोळशाच्या विहिरींतून निघालेले दगडाचे गाभे बघण्यात गेली, त्यामुळे हा विषय आमच्या घरचा. थोडं सविस्तर लिहितो.

हा गोनिआटाइट, म्हणजे अमोनॉइडांतल्या एका जुन्या गटातला आहे, एवढं फोटोवरून सांगता येतं. नाव ठरवायच्या आधी मात्र वर्णन करायचं असतं. नाव शोधायचं म्हणून पुस्तकातल्या चित्रांशी फोटो जुळवत बसलात तर ज्याला बघाल तो तोच वाटेल. आधी कोऱ्या कागदावर लिहा, दिसतं तेवढंच.

पहिलं माप व्यासाचं. दुसरं बेंबीचं. हो, शास्त्रातही तिला नाभीच म्हणतात: मधला खळगा, जिथे आतले जुने वेढे दिसतात. बेंबीची रुंदी भागिले व्यास. हा आकडा लहान असेल तर बाहेरच्या वेढ्याने आतल्यांना गिळलंय, मोठा असेल तर दोरीच्या वेटोळ्यासारखे सगळे वेढे उघडे. तिसरं माप वेढ्याच्या जाडीचं, पण तुमचा नमुना चेपलाय, ते सोडा. चेपलेल्या शंखावर जाडीचं माप घेणं म्हणजे इस्त्री केलेल्या शर्टावरून माणसाचं पोट मोजणं.

बाहेरच्या गोल कडेला आम्ही ‘पोटाची बाजू’ म्हणतो, कारण प्राण्याचं पोट तिकडे असायचं. नवख्यांना हे उलटं वाटतं. चालायचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तिरप्या उजेडात भिंगाने वरच्या रेषा बघा आणि सांगा. सरळ फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत अर्ध्या रेषा मेल्यात.

अगस्ती | रविवार, सकाळी ८:५०

शिंपलेवाला काका, नम्र असहमती. गोनिआटाइटची ओळख शिवणरेषेवरून होते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असतं. शंख आतून पडद्यांनी कप्पे पाडलेला असतो, प्रत्येक पडदा शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतो ती शिवणरेषा. नॉटिलसमध्ये (आजही समुद्रात असलेला कप्प्यांचा शंख) ती साधी, सौम्य लाटेसारखी. गोनिआटाइटमध्ये कोनाकोनाची नागमोडी, ‘गोनिया’ म्हणजे ग्रीकमध्ये कोनच. मागे जाणारे लोब बहुधा टोकदार, पुढे येणारे खोगीर गोलसर. पुढे ट्रायासिकच्या, म्हणजे ज्युरासिकच्या आधीच्या काळातल्या, सेराटाइटमध्ये लोबांना करवतीचे दाते आले, खोगीर तसेच गुळगुळीत राहिले. आणि ज्युरासिकच्या अमोनाइटमध्ये दोन्हींना इतके फाटे फुटले की फर्नचं पान वाटावं. मग शिवण न बघता तुम्ही वरची नक्षी का बघायला सांगताय?

शिंपलेवाला | रविवार, सकाळी ९:३५

कारण तिला शिवण दिसतच नाहीये हो.

पाठ्यपुस्तक बरोबर आहे, पण पाठ्यपुस्तकात चुनखडकातले गुबगुबीत नमुने असतात. शिवण दिसायला वरचं कवच निघून आतला साचा उघडा पडावा लागतो. काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या पदरी दगडात, वरच्या चिखलाच्या वजनाने शंख दबला, कप्पे कोसळले, पडदे चुरा झाले. उरली ती कवचावरची नक्षी आणि वाढरेषांचा ठसा. उत्तर इंग्लंडात शंभर वर्षं लोक यावरच काम करतायत. डब्ल्यू. एस. बिसॅट यांनी १९२४ साली उत्तर इंग्लंडातल्या गोनिआटाइटांचे थर लावून दाखवले, ते बऱ्याच अंशी याच नक्षीच्या जोरावर. गंमत म्हणजे हा माणूस पेशाने बांधकामाचा कंत्राटदार होता. भूशास्त्र रविवारचं. पुढे रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

तिखटजाळ | रविवार, सकाळी ९:४२

आमच्या सोसायटीचा कंत्राटदार रविवारी फोनही उचलत नाही.

अगस्ती | रविवार, सकाळी ९:५८

मान्य. मुद्दा कळला. तरी जिथे शिवण दिसेल तिथे ती बघावी एवढंच म्हणतो.

शिंपलेवाला | रविवार, सकाळी १०:१०

त्यात दुमत नाहीच. मोठे गट तिच्यावरूनच पडतात. कार्बोनिफेरसच्या खऱ्या गोनिआटाइटांत पोटाकडचा लोब मध्येच एका छोट्या खोगिराने दुभंगलेला असतो, इंग्रजी डब्ल्यूसारखा. त्यांच्या बरोबरीने राहणाऱ्या प्रोलेकॅनिटिडांत बेंबीच्या दिशेने लोबांची रांगच लागते. हे प्रोलेकॅनिटिड संख्येने कमी, पण पुढचे सेराटाइट आणि त्यांच्या मागोमाग अमोनाइट त्यांच्याच वंशातले. गोनिआटाइटांची शाखा पर्मियनच्या, म्हणजे ट्रायासिकच्या आधीच्या काळाच्या, शेवटी संपली.

नागपुरी_संत्रं | रविवार, दुपारी १२:२०

थोडं विषयांतर. वडील वणीकडे कोळसाखाणीत होते. घरी पानांचे ठसे असलेले दगड पडलेले असायचे, ग्लॉसोप्टेरिस. शंख मात्र कधी बघितला नाही. आपल्या कोळशात हे का नाही मिळत?

खडकवासी | रविवार, दुपारी १:०५

कारण आपला कोळसा पर्मियनचा, आणि नदी-तळ्यांच्या, दलदलीच्या गाळात झालेला. अमोनॉइड निव्वळ समुद्रातले. इंग्लंडचा कोळसा कार्बोनिफेरसचा, समुद्राला लागून असलेल्या त्रिभुज प्रदेशातला, आणि मधूनमधून समुद्र आत घुसायचा. प्रत्येक वेळी घुसला की काळ्या चिखलाचा पातळ थर आणि त्यात गोनिआटाइट. याला तिथे ‘मरीन बँड’ म्हणतात. कधी वीतभर जाड, पण मैलोन्‌मैल तोच थर, त्याच जातीचे शंख घेऊन.

आणि समुद्र का घुसायचा? दक्षिणेकडे गोंडवन या जुन्या महाखंडावर हिमयुग चालू होतं. बर्फ वितळला की समुद्र चढायचा. त्याच बर्फाच्या खुणा आपल्या चंद्रपूरजवळ इरईला आहेत, हिमनदीने घासून ओरखडे काढलेली चुनखडकाची फरशी. भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७५ मध्ये त्याबद्दल लिहिलंय. म्हणजे विदर्भातला बर्फ वितळला आणि यॉर्कशरला शंख आले!

शिंपलेवाला | रविवार, दुपारी १:४०

सुंदर वाक्य, पण थोडं आवरा. इरईचे तालचीर थर, म्हणजे हिमनदीच्या गाळाचे थर, कार्बोनिफेरसच्या अगदी शेवटाचे किंवा पर्मियनच्या सुरुवातीचे, सुमारे ३० कोटी वर्षांचे. ओलीवाट यांचा ओढा ३२ कोटींच्या आसपास. हिमयुग एकच म्हणता येईल, पण ते लांबलचक होतं आणि बर्फ जागा बदलत राहिला. चंद्रपूरच्या बर्फाला या शंखाचं श्रेय देता येणार नाही.

नागपुरी_संत्रं | रविवार, दुपारी १:४४

एवढं मोठं श्रेय आलं होतं विदर्भाच्या वाट्याला, तेही काढून घेतलंत. अनुशेष वाढला.

एक_सामान्य_वाचक | रविवार, दुपारी ३:१५

सिंहगडाच्या वाटेवर मलाही एक गोल गोल वेढ्यांचा दगड मिळाला होता. तो गोनिआटाइट असू शकेल का?

खडकवासी | रविवार, दुपारी ३:३२

नाही हो. सिंहगड म्हणजे लाव्हा. बेसाल्ट कुजताना कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा गोल गोल सुटतो, किंवा पोकळीत अगेटचे पट्टे बसतात. दख्खनच्या लाव्हांच्या मधल्या गाळात, नागपूरकडे, शंख मिळतात पण ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. साधा फरक सांगतो: गोगलगायीचा शंख आतून एकच नळी असतो, पडदे नसतात. अमोनॉइडला कप्पे असतात आणि सगळ्या पडद्यांना भेदून जाणारी एक बारीक नळी, ती बाहेरच्या कडेला चिकटून. नॉटिलसमध्ये ती पडद्यांच्या मधल्या भागातून जाते.

डॅलसकर | रविवार, संध्याकाळी ७:५०

वाचनखूण साठवली. टेक्सासातून हजेरी लावतो. डॅलसहून पश्चिमेला मिनरल वेल्सला फॉसिल पार्क आहे, पेनसिल्व्हेनियन, म्हणजे कार्बोनिफेरसच्या उत्तरार्धाचं, घरी न्यायला परवानगी आहे. तिथे मुख्यतः क्रिनॉइडचे (समुद्री लिलीच्या देठाचे) मणी मिळतात, बांगड्यांच्या तुकड्यांसारखे. गोनिआटाइट नशिबात असेल तर.

माझा मूर्खपणा सांगतो म्हणजे कुणी करणार नाही. एका मित्राने चुनखडकातला सुरेख गोनिआटाइट दिला होता. कुठेतरी वाचलं की व्हिनेगरने दगड विरघळतो आणि जीवाश्म मोकळा होतो. रात्रभर वाटीत ठेवला. सकाळी दगडही विरघळला होता आणि गोनिआटाइटही, दोघे कॅल्साइटचेच की. तळाशी करडा गाळ. बायको म्हणाली, लोणच्याला खार सुटला नाही वाटतं.

तिखटजाळ | रविवार, संध्याकाळी ७:५८

__/\__ दंडवत. आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

ओलीवाट | सोमवार, रात्री ८:२५

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

शिंपलेवाला काका, सांगितल्याप्रमाणे केलं. खोली अंधारी केली, टेबलवर टॉर्च आडवा ठेवला आणि दगड हळूहळू फिरवला. काय फरक पडला! सरळ उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या भागावर जाळी उगवली. आडव्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, वेढ्याच्या दिशेने जाणाऱ्या आणखी बारीक रेषा. जिथे छेदतात तिथे खसखशीच्या दाण्याएवढेसुद्धा नाहीत असे उंचवटे. भरतकामाच्या कापडासारखं दिसतं.

मापं: व्यास २२ मिमी, बेंबी ४ मिमी. म्हणजे ०.१८. कडेवर गाठी नाहीत. आडव्या रेषा सरळ नाहीत, बाहेरच्या कडेजवळ पुढे झुकतात आणि मग मागे वळतात. शेजारी पंख्यासारखे, अतिशय पातळ शिंपले आहेत, त्यावर बारीक शिरा.

शिंपलेवाला | सोमवार, रात्री ९:०२

वा! आता बोलता येईल. हे वर्णन वाचून मला फोटोची गरज उरली नाही.

जाळीदार नक्षी म्हणजे रेटिक्युलोसेरास किंवा त्याची जवळची मंडळी. नावातच जाळी आहे. पंख्यासारखे शिंपले बहुधा डनबरेला, मरीन बँडचे नेहमीचे सोबती. बेंबीभोवती ठळक गाठी असत्या तर मी गॅस्ट्रिओसेरासकडे वळलो असतो. गॅस्ट्रिओसेरास सबक्रेनॅटमचा मरीन बँड इंग्लंडात कोल मेझर्सचा, म्हणजे कोळशाच्या थरांच्या गटाचा, पाया मानला जातो, म्हणजे तो आणखी वरचा, नंतरचा थर.

आता रेषांच्या वळणाकडे या. बाहेरच्या कडेजवळ रेषा पुढे जातात त्या भागाला ‘जीभ’ म्हणतात, आणि अगदी पोटाच्या मध्यावर खोल मागे वळतात, तिथून प्राणी पाण्याची पिचकारी मारायचा. बिसॅटने दाखवलं की खालून वर थरांत जाताना ही जीभ बदलत जाते. किंडरस्काउटियन नावाच्या थरांमध्ये रेटिक्युलोसेरास रेटिक्युलॅटम, त्याच्या वर मार्सडेनियनमध्ये क्रमाने ग्रॅसिलिस, बायलिंग्विस आणि सुपरबायलिंग्विस, यांना आता बायलिंग्वाइट्स म्हणतात. तुमची जीभ किती लांब आहे? नीट पाहून चित्र काढा. फोटो नको, चित्र. हात फिरवला की डोळा बघतो.

चिंचगुळ | सोमवार, रात्री ९:१०

‘तुमची जीभ किती लांब आहे’ हे सासूबाईंनंतर पहिल्यांदाच कुणी विचारलं असेल.

अगस्ती | सोमवार, रात्री ९:३३

काका, प्रजातीपर्यंत जाणार असाल तर एक अडचण. दगड ओढ्यात पडलेला होता. वरच्या कुठल्या थरातून आला ते माहीत नाही. तिथल्या नाम्युरियन (कार्बोनिफेरसचाच एक टप्पा) खडकांत साठेक मरीन बँड मोजतात, एकाच ओढ्यात दोन-तीन उघडे असू शकतात. थर माहीत नसताना प्रजाती सांगणं म्हणजे पत्ता नसलेल्या पाकिटावरचं अक्षर बघून गाव ओळखणं.

शिंपलेवाला | सोमवार, रात्री ९:५०

शंभर टक्के. या वेळी मी तुमच्या बाजूने. ओलीवाट, शक्य असेल तर परत जा, ओढ्याच्या वरच्या अंगाला काठ बघत जा. जमीन कुणाची ते विचारून घ्या, संरक्षित जागा असेल तर हातोडी पिशवीतच. पडलेलं उचला, काठ खणू नका. आणि काळ्या शेलमध्ये खरबुजासारखे कडक गोळे दिसले तर जरूर बघा. काही ठिकाणी खाणकामगार त्यांना ‘बुलियन’ म्हणत. चिखल दबण्याआधीच ते कडक झाले, म्हणून आतले शंख चेपत नाहीत.

तिखटजाळ | सोमवार, रात्री ९:५५

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. क्रमशः लिहायचं राहिलं.

ओलीवाट | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:४०

धागा वर काढतेय, माफी असावी. मध्ये दोन रविवार पाऊस.

आज गेलो. शेतमालकांना विचारलं, त्यांनी फक्त गायींचं फाटक लावून घ्या म्हटलं. ढासळलेल्या जागेपासून साधारण तीस पावलं वर काठात काळा पट्टा दिसला, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत जाड. खालचा-वरचा शेल करडा आणि रिकामा, या पट्ट्यात मात्र पान उलटावं तिथे तेच पातळ शिंपले. काठाला हात लावला नाही. त्याच्या बरोबर खाली पाण्यात नारळाएवढा गोळा अर्धा फुटून पडला होता. फुटलेल्या बाजूला वाटाण्याएवढा गोनिआटाइट, पूर्ण गोल, फुगीर! एका बाजूचं कवच उडालंय आणि तिथे अगस्ती म्हणतात ती शिवण. खरंच नागमोडी. लेकीने भिंगातून बघून चित्र काढलंय, पोटाच्या मध्यावर बाण काढून तोंडाची दिशा दाखवलीय (हे तिने कुठे वाचलं देव जाणे). मध्यावरचा लोब दोन टोकांचा आहे. उरलेल्या कवचावर जाळी आहे. जीभ आखूड. चित्र जोडलंय.

अगस्ती | रविवार, रात्री ११:०५

चित्र पाहिलं. माझ्या पदव्युत्तर वर्गातल्या चित्रांपेक्षा बरं आहे, हे दुःखाने नमूद करतो. दुभंगलेला पोटाचा लोब म्हणजे गोनिआटाइटच, प्रोलेकॅनिटिड नाही. शंका मिटली.

शिंपलेवाला | सोमवार, सकाळी ६:५५

मुलीला शाबासकी सांगा. आखूड जीभ, ठसठशीत जाळी, त्यामुळे माझा कल रेटिक्युलोसेरासकडे, आणि त्यातही रेटिक्युलॅटमच्या बाजूला. पण नमुना वाटाण्याएवढा आहे. बालवयातल्या शंखावर नक्षी पुरती उमललेली नसते, आतले वेढे बऱ्याच प्रजातींचे सारखे. म्हणून लेबलवर लिहा: ‘रेटिक्युलोसेरास cf. रेटिक्युलॅटम’, ते मधलं देवनागरीत ‘सीएफ’ लिहिलंत तरी चालेल. अर्थ एवढाच की याच्याशी ताडून पाहा, मी शपथ घेत नाही. चपट्या मोठ्या नमुन्यासाठी नुसतं ‘रेटिक्युलोसेरास, बहुधा याच थरातला’.

एक_सामान्य_वाचक | सोमवार, सकाळी ९:२०

म्हणजे तीन आठवडे आणि इतके प्रतिसाद, आणि नाव अजून ‘बहुधा’?

शिंपलेवाला | सोमवार, सकाळी ९:२८

अ‍ॅपने दोन सेकंदांत दिलं होतं की. १४ कोटी वर्षांनी चुकलं.

ओलीवाट | सोमवार, रात्री ८:०५

लेबल लिहून झालं, जागा, थर, तारीख, कुणी शोधलं सगळं. शाळेत शुक्रवारी न्यायचंय. एकच प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वीच्या चपट्या दगडावर पिवळसर-पांढरी भुकटी दिसतेय आणि डबा उघडला की काडेपेटीसारखा वास येतो. बुरशी आहे का? धुऊ?

शिंपलेवाला | सोमवार, रात्री ८:११

धुऊ नका! बुरशी नाही, आतला पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवेतल्या दमटपणाने कुजतोय. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, दगड पूर्ण कोरडा करा, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गोळ्यातला वाटाणा वेगळ्या डब्यात. आणि लेबल दगडाला टेकवून ठेवलं असेल तर आत्ताच काढा, कुजताना आम्ल सुटतं, ते कागद खातं.

ओलीवाट | सोमवार, रात्री ८:१९

काढलं. एका कोपऱ्याला भोक पडलंय, तारीख वाचली.